कीचकवधावरील बंदी

बादशाहाच्या नावाची निषिद्ध अक्षरे पुस्तकात जशीच्या तशी छापली, म्हणून चीन देशात वांग शीहौ या कोशकारास १७७७ साली देहान्त शासन झाले. विद्यार्थ्यांस याचे नवल वाटेल. परंतु मुंबई इलाख्यातील इंग्रज सरकारही लेखकाच्या शब्दांस भीतच असे. कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, इंग्रजाचे नाव त्यात कोठेही नाही. तरीही प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पराधीन भारतमाता, धर्मराजात मवाळ व भीमात जहाल पक्ष ओळखला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचक कोण, हे त्यायोगे सरकारनेच कबूल केले, असे आम्हांस वाटते! खाडिलकरांची लेखणी मात्र थांबली नाही. १९२९ साली 'नवाकाळ' पत्रातील लेखनाबद्दल त्यांस कारावास भोगावा लागला.