आधी फीडचं बटण

वहिनींच्या मेतकुटाच्या आणि चटणीच्या पाकिटांवर इतकी वर्षं हातानं लिहिलेली चिठ्ठी असायची. दुकानदारानं बारकोड मागितला आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर घरात लेबल प्रिंटर आला. जोडायचं काम अर्थातच माझ्याकडे.

यात शाई नसते. हेडवर बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते, नेहमीच्या २०३ डीपीआयच्या हेडवर मिलिमीटरला आठ. थर्मल कागदावर रसायनाचा थर असतो. ठिपका तापला की तिथं काळं. रोल कुठला ते नख सांगतं. जोरात ओढल्यावर काळी रेघ उमटली तर थर्मल, नाहीतर रिबन लागणार. थर्मल लेबल उन्हात फिकटतं, गरम तुपाच्या बरणीवर काळवंडतं. मेतकुटाला चालून जातं; वर्षभर फडताळात राहणाऱ्या लोणच्याला रिबनच बरी.

मी उतावीळपणे आधी यूएसबी लावली, ड्रायव्हर टाकला, छापलं. नाव एका लेबलावर, किंमत दुसऱ्यावर, पुढची कोरीच. ड्रायव्हरमध्ये आकार होता १०० बाय १५० मिलिमीटर, रोल ५० बाय २५चा.

खरं तर सुरुवात संगणकाशिवाय करायची. बऱ्याच मॉडेलांत फीडचं बटण दाबून धरत प्रिंटर चालू केला, की तो दोनचार लेबलं पुढे सारतो. सेन्सर कागदातून उजेड आरपार पाहतो. दोन लेबलांमधल्या गॅपमध्ये नुसता पाठीचा कागद, म्हणून तिथं उजेड जास्त. लेबल कुठं संपतं एवढंच त्याला कळतं, पण ते पक्कं कळतं. मग प्रिंटर स्वतःच्या सेटिंगची चिठ्ठी छापतो. तिच्यावर उभी पांढरी रेघ दिसली तर ड्रायव्हरला बोल लावू नये: हेडवर मळ आहे किंवा एखादा ठिपका मेलाय. हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पाहावा.

मराठीनं मात्र घाम काढला. आमच्या प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टात देवनागरी नव्हती, म्हणून नाव चित्र म्हणून पाठवलं. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला सोळाच ठिपके; ‘खोबऱ्याची चटणी’मधला ‘ऱ्या’ बुजून गेला. अक्षर वाढवलं, पत्ता आखडला.

बारकोडचं उलट. तो चित्र म्हणून ताणला तर रेघांच्या कडा अर्ध्या ठिपक्यावर येतात आणि स्कॅनर गप्प बसतो. प्रिंटरलाच काढायला सांगावा. ईएएन-१३ची रुंदी ९५ घरांची. घराला तीन ठिपके धरले तर साडेपस्तीस मिलिमीटरच्या वर. दोन्ही कडांची कोरी जागा धरूनही ५०च्या लेबलात बसतो. क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतलेला, ८९०नं सुरू होणारा.

पहिलं धड लेबल मी डोळ्यांनी तपासून पास केलं. वहिनींनी ते पाकिटावर चिकटवलं, पिठाचा अंगठा फिरवला आणि स्कॅनरखाली धरलं. टुक्‌ वाजलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “पण भाऊजी, रोज तारीख कोण बदलणार?”