बाळ हवं? मग तीन महिने आधीच ताट सुधारा



पेरणी करायची म्हटलं की आपण आधी रान तयार करतो. नांगरट होते, कुळवणी होते, शेणखत पडतं. पाऊस आल्यावर कुणी नांगर शोधत बसत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र उलटं होतं. पाळी चुकली, की मग दूध, फळं, गोळ्या यांची धावपळ सुरू. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच हा प्रकार.

आधीच का?

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं ध्यानात येऊन दवाखान्यात जाईपर्यंत हे काम बहुधा उरकलेलं असतं. त्या वेळी आईच्या अंगात 'फॉलिक ॲसिड' कमी असेल, तर नळी उघडी राहून बाळात व्यंग येऊ शकतं. मागाहून घेतलेल्या गोळीने ते भरून निघत नाही.

पुण्याजवळच्या गावांत काय दिसलं?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली जवळच्या सहा गावांत पाहणी सुरू केली. बायकांची वजनं दिवस राहण्याआधीच घेतली. सरासरी भरली जेमतेम ४२ किलो. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जन्मतः अंगाने मोठी होती. ज्यांच्यावर कष्टाचं काम फार होतं, त्यांची बाळं लहान भरली. दर तीन बायकांपैकी सुमारे दोघींच्या रक्तात 'बी-१२' हे जीवनसत्त्व कमी निघालं.

पुढे २००६ सालापासून मुंबईच्या वस्त्यांत बायकांना पालेभाजी, फळं व दूध घालून केलेला खाऊ देऊन पाहिला. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे ५० ग्रॅमनी जास्त भरलं. मात्र अगदी रोड बायकांच्या बाळांत हा फरक दिसला नाही. म्हणून अंगाने फार रोड असाल, तर आधी वजन वाढवा, मग बाळाचा विचार करा.

ताटात काय असावं?

• रोज वाटीभर पालेभाजी : मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जी रानात मिळेल ती.
• भाकरीसोबत डाळ किंवा मोड आलेली मटकी, चवळी, हुलगे.
• पेरू, आवळा, लिंबू. आंबट फळाने अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते वाया जातं.
• दूध, दही, ताक. चालत असेल तर अंडी, मासे, मटण. बी-१२ यांतूनच मिळतं, भाजी-भाकरीतून मिळत नाही. पुष्कळ घरांत सगळं दूध डेअरीला जातं. त्यातलं पेलाभर सूनबाईसाठी घरात ठेवा.
• उपवासाला नुसता साबुदाणा नको. शेंगदाणे, राजगिरा, दूध घ्या. फार उपवास तूर्त टाळा.
• मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

सासूबाई, एक विनंती तुम्हालाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं सुनेने खायचं, ही रीत आता सोडा. घरातल्यांनी एकत्र बसून जेवावं. पाण्याचे हंडे आणि सरपण इतरांनी आणावं.

नवऱ्याने काय करायचं?

मूल दोघांचं, तयारीही दोघांची. पुरुषाच्या अंगात शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून त्यानेही तीन महिने आधी दारू, विडी आणि तंबाखू बंद करावी. बायकांनी मिश्री सोडावी. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी दोघांची करावी. एकट्या बायकोला बोल लावू नये.

दवाखान्यात काय विचारायचं?

आशाताई किंवा नर्सबाईंना भेटा. रक्त, वजन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर त्याला पंडुरोग म्हणतात. २०१९–२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना तो आढळला. तेव्हा लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा घ्या. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज एक घ्यावी. आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचं व्यंग असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा वेळी गोळीचं प्रमाण वेगळं असतं.

तोवर पाळणा लांबवा

अंगात रक्त भरेपर्यंत घाई कशाला? निरोध, गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पहिलं मूल विशीनंतर आणि दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर, एवढं पाळलं तर आईला सावरायला वेळ मिळतो.

आज रात्री दोघं बसून ठरवा : मूल केव्हा हवं? त्याच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तयारी त्या दिवशी सुरू.