ब्रह्मकमळ कुणाच्या हातानं नाही, पाण्यानं कुजतं



गेल्या पावसाळ्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. ज्यांच्या ओसरीत बैठक होती, त्यांचं ब्रह्मकमळ बुडापासून पिवळं पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं अडचणीत असताना हात लावला, म्हणून झाड गेलं." सून खाली मान घालून चहा देत होती.

बैठक संपल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ते झाड उपसलं. डब्याला तळाशी एकही भोक नव्हतं. काळ्या मातीचा चिखल झालेला, मुळं कुजलेली. रोज तुळशीबरोबर यालाही तांब्याभर पाणी मिळत होतं! पाळीचा आणि झाड कुजण्याचा काहीही संबंध नाही, ताई. झाड गेलं ते पाण्यानं.

हे झाड मुळात निवडुंग आहे

आपल्या घरातलं ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथं ते जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं, म्हणून मुळांशी साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. आपल्या जिल्ह्यात शेतात लावतात ते ड्रॅगन फ्रूट याच्याच नात्यातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, हे वेगळंच झाड. ते आपल्या उन्हात टिकणार नाही. तेव्हा 'हिमालयातलं' म्हणून कुणी महाग रोप विकत असेल, तर पैसे घालवू नका. शेजारणीकडून एक पान आणा.

लावायचं कसं?

1. वीतभर पान कापा आणि सावलीत 3-4 दिवस ठेवा. कापलेली जागा सुकू द्या.
2. कुंडी किंवा जुना डबा चालेल, पण तळाला भोकं हवीत. खाली विटांचे तुकडे टाका.
3. नुसती काळी माती नको. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या.
4. पान 2 इंच खोल रोवा. साधारण महिनाभरात मुळं धरतात.

पाणी आणि जागा

बोट मातीत घालून बघा. वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. हिवाळ्यात आणखी कमी. बोअरचं पाणी क्षाराचं असेल, तर जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला.

सकाळचं कोवळं ऊन चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा कुंडी ओसरीत किंवा लिंबाच्या सावलीत ठेवा. पानावर कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढा.

फूल कधी येतं?

पानापासून लावलेल्या झाडाला फूल यायला 2-3 वर्षं लागू शकतात. कळी पानाच्या कडेला येते, बहुतेक पावसाळ्यात. कळी दिसली की कुंडी हलवू नका, नाहीतर गळते. फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं. फूल नाही आलं तर तो अपशकुन नाही. ऊन, पाणी, झाडाचं वय बघा.

त्या कुजलेल्या झाडाचं वरचं हिरवं पान कापून आम्ही पुन्हा लावलं होतं. आता त्याला नवा कोंब आलाय. पाणी सूनच घालते, महिन्याचे सगळे दिवस, पण आधी बोटानं माती बघून!

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं झाड आहे, त्यांनी दोन-दोन पानं घेऊन या.