ही गेली तर पुढची

जपानची रेल्वे महागली, ही बातमी नेमकी चेरीच्या बहराच्या तोंडावर आल्यामुळे आपल्याकडच्या पहिलटकर पर्यटकांच्या पोटात गोळा आला असेल, तर तो आधी विरघळवू या. १४ मार्चपासून जेआर ईस्ट या कंपनीने भाडी सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढवली. १९८७ साली सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन ही कंपनी जन्माला आली, तेव्हापासून उपभोग कराची भर सोडली तर तिने केलेली ही पहिलीच सरसकट वाढ. टोकियो शहरात जवळच्या प्रवासाला ती पडते दहा येन, म्हणजे आजच्या भावाने सहा रुपयांच्या आसपास. टोकियोहून क्योटोला जाणारी बुलेट ट्रेन तर या कंपनीची नाहीच, ती जेआर सेंट्रलची. परदेशी पाहुण्याला खरा दणका बसला तो आधीच, १ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्या दिवशी सात दिवसांचा जेआर पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. त्यावर तेव्हा बरीच हळहळ झाली. पण आठ-दहा दिवसांसाठी पहिल्यांदाच जपानला निघालेल्या माणसावर त्या वाढीने उपकारच केले, असं माझं मत आहे.

जुना हिशेब आठवून पाहा. टोकियो ते शिन-ओसाका नोझोमी गाडीचं आरक्षित तिकीट १४,७२० येन, म्हणजे जाऊन-येऊन २९,४४०. पास जवळपास तेवढ्यालाच होता. एक फेरी झाली की पास वसूल, पुढचं सगळं फुकट. ‘फुकट’ या शब्दापुढे भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं. पास सलग सात दिवसांचा, म्हणून लांबचे सगळे पल्ले त्याच सात दिवसांत कोंबायचे: टोकियो, कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका आणि विमानासाठी पुन्हा टोकियो. गंमत अशी, की सर्वांत वेगवान नोझोमी या पासधारकांना वर्ज्य होती. आता जादा पैसे भरून तीत बसता येतं, पण टोकियो ते क्योटो एवढ्यासाठीच ४,९६० येन पडतात. आजच्या दरात टोकियोहून हिरोशिमाला जाऊन परत आलात, तरी सुट्या तिकिटांचा खर्च चाळीस हजार येनच्या आत राहतो, पास काही वसूल होत नाही. पास हा प्रकारच असा, की माणूस त्याच्या मागे धावायला लागतो. क्योटो महापालिकेला हे कळलं होतं. शहरभर बसने फिरायचा ७०० येनचा दिवसभराचा पास तिने गर्दीपायी २०२३ मध्ये विकायचा थांबवला आणि भुयारी रेल्वेही धरणारा ११०० येनचा पास पुढे केला.

पास सुटला तरी पासामागची वृत्ती सुटत नाही, आणि तिचं मूळ जपानात नाही, आपल्या आरक्षण खिडकीत आहे. आपण रेल्वे शिकलो ती टंचाईच्या शाळेत. पूर्वी १२० दिवस आधी, आता ६० दिवस आधी, घड्याळ लावून बसायचं, वेटिंगचा आकडा बघायचा, तत्काळचा जुगार खेळायचा. गणपतीतली कोकणकन्या चुकली म्हणजे चुकली. या नजरेने जपानकडे पाहिलं की पहिलं काम सुचतं ते प्रत्येक गाडी पक्की करण्याचं. शिंकान्सेनची, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनची, सगळी वाखाणणी वेगावरून होते, त्यामुळे तिची खरी करामत नजरेआड राहते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, ती सुरू झाली तेव्हा ताशी २१० किलोमीटर वेगाने ५१५ किलोमीटरच्या मार्गाला चार तास लागत. आज वेग २८५ आहे आणि वेळ सुमारे अडीच तास. साठ वर्षांत वेग वाढला तो एवढाच. गाड्या किती वाढल्या ते पाहा. सुरुवातीला तासाला एक हिकारी आणि एक कोदामा, बस्स. १९९२ मध्ये नोझोमी आली, २००३ मध्ये शिनागावा स्थानक उघडलं तेव्हा वेळापत्रकच तिच्याभोवती फिरवलं गेलं, आणि मार्च २०२० पासून एका तासात, एका दिशेला, बारा नोझोमी सोडण्याची सोय झाली. प्रत्येक गाडीला सोळा डबे आणि नेमक्या १,३२३ जागा. आकडा सगळीकडे तोच, म्हणजे एक गाडी बिघडली तर दुसरी कुठलीही तिच्या जागी लावता यावी आणि कुणाची खिडकी हरवू नये. गर्दीच्या तासाला नुसत्या नोझोमीच्याच १५,८७६ जागा पश्चिमेकडे निघतात. याला लांब पल्ल्याची गाडी म्हणायचं की लोकल?

मला विचाराल तर लोकल. नोझोमी म्हणजे विरार फास्ट, हिकारी सेमी-फास्ट आणि दर स्टेशनाला थांबणारी कोदामा ही स्लो. दादरच्या फलाटावर कुणी वेळापत्रक काढून बसत नाही, ‘ही गेली तर पुढची’ एवढं पुरतं. तोच मंत्र टोकियो स्टेशनवर चालतो. नाश्ता लांबला, पाऊस लागला, तर त्या मार्गाच्या स्मार्ट-ईएक्स अ‍ॅपवरचं साधं आरक्षण गाडी सुटण्याआधी हवं तितक्या वेळा फुकट बदलता येतं. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, टोकियो-ओसाकाएवढाच. त्याबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती ताशी ३२० च्या वेगाची. तासाला गाड्या किती, हे विचारायचं राहून जातं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

गाडी इतकी सहज मिळते, तर रोज नवं शहर का करू नये, असा सवाल इथे येणारच. कारण छोट्या सहलीत खर्च होतो तो गाडीतला वेळ नव्हे, बिऱ्हाड हलवण्याचा वेळ. जपानी हॉटेलं सकाळी दहा-अकराला खोली सोडायला लावतात आणि नवी खोली सहसा दुपारी तीनला देतात. मधले चार-पाच तास तुम्ही बॅगांचे हमाल. शिवाय अडीच तास हे स्टेशन ते स्टेशन. शिन-ओसाका म्हणजे ‘नवं ओसाका’: जुन्या १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांऐवजी १४३५ मिलिमीटरचे सरळ रूळ टाकायचे म्हणून शहराच्या ऐन पोटात न शिरता योदो नदीच्या अलीकडेच उभं केलेलं स्टेशन. तिथून ओसाकाच्या मध्यात जायला पुन्हा गाडी बदला. आणि टोकियोत मुक्काम शिंजुकूला असेल, तर दोनशेहून अधिक दारांच्या त्या स्टेशनात आपलं दार सापडेपर्यंत पाव तास गेलाच म्हणून समजा. म्हणून आठ दिवसांत बिऱ्हाडं दोनच असावीत: चार रात्री टोकियो, तीन क्योटो. मध्ये नोझोमी एकदाच, १४ हजार येनच्या थोडं वर, सव्वादोन तास. विमान टोकियोत उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतणारं घ्यावं. सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँगमार्गे नेणाऱ्या बड्या कंपन्या दोन्हीकडे जातात. मग विमानासाठी टोकियोला परत जाण्याचे १४ हजार येन आणि अर्धा दिवस वाचतो. १ मार्चपासून वाढलेला क्योटोचा मुक्काम कर बातमीत १०,००० येनचा दिसला, तो रात्रीला लाखभर येन मोजणाऱ्यांसाठी. सहा ते वीस हजारांच्या खोलीला माणशी ४०० येन पडतात.

‘एवढ्या लांब जाऊन दोनच शहरं?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, आयुष्यात एकदाच जाणाऱ्याचा तो रास्त आहे. पण दोन बिऱ्हाडं म्हणजे दोन गावं नव्हेत. टोकियोहून कामाकुरा तासाभरावर, निक्को दोनेक तासांवर. क्योटोहून नारा पाऊण तास, हिमेजीचा पांढरा किल्ला साध्या जलद गाडीने दीड तास. हिरोशिमाही नोझोमीने पावणेदोन तासांत गाठता येतं, आणि बॅगा खोलीवर ठेवून सकाळी निघालं तर तिथल्या स्मारकाला द्यावी तेवढी शांत दुपार देता येते. फक्त कानाझावा या आराखड्यात बसत नाही. तिथून मार्च २०२४ मध्ये शिंकान्सेनचा मार्ग त्सुरुगापर्यंत वाढला आणि टोकियो-कानाझावा-क्योटो-ओसाका असा वळसा घालणाऱ्यांसाठी वेगळा ३०,००० येनचा पास आहे. दहा दिवस असतील तर जरूर घ्या, सातच असतील तर मोह आवरा.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे. सोबत आई-वडील, सामान, त्यात शाकाहार. म्हणूनच तर आपली मंडळी स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या ग्रुप टूरला जातात. सामानाचं उत्तर सोपं आहे: हॉटेलच्या काउंटरवर बॅग सोपवायची, अंदाजे दोन-तीन हजार येन द्यायचे, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. ताक्क्युबिन नावाची ही सेवा १९७६ पासून चालू आहे. बॅग गाडीतच न्यायची तर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, गेल्यास तिच्यासाठी जागा असलेली सीट आधी घ्यावी लागते, नाहीतर १,००० येन भुर्दंड. शाकाहाराचं उत्तर मात्र इतकं गोड नाही. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही दाशी, म्हणजे बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क, बऱ्याचदा असतो. स्टेशनवरच्या देखण्या एकिबेन डब्यांतही शाकाहारी डबा शोधावा लागतो. पण रोज नव्या गावात नव्याने जेवण शोधण्यापेक्षा चार रात्री एकाच गल्लीत काढल्या, तर दुसऱ्या दिवशी आपलं दुकान सापडलेलं असतं, शिवाय छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेणं परवडतं.

‘ही गेली तर पुढची’ हा मंत्र चालत नाही असे दिवसही आहेत. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन आणि नववर्ष. या दिवसांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात आणि अख्खा जपान गावी निघालेला असतो. तेव्हा आपली टंचाईची शाळा कामाला येते: स्टेशनवरची विक्री महिनाभर आधी सकाळी दहाला उघडते, घड्याळ लावा. मध्यरात्र ते पहाटे सहा शिंकान्सेन बंद असते, तेही ध्यानात ठेवा.

बाकी दिवशी हट्ट धरायचाच तर वेळेचा नको, खिडकीचा धरावा. क्योटोकडे जाताना ‘ई’ अक्षराची सीट मागा, उजवीकडची, दोघांच्या बाकाची. टोकियो सोडल्यावर चाळीसेक मिनिटांनी फुजी त्याच बाजूला येतो. खाऊ-पिऊ फलाटावरच घेऊन चढा, कारण साध्या डब्यांतली फिरती ट्रॉली २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. आणि ढगांमुळे फुजी दिसणारच नसेल, तर एखादी गाडी सोडून तासाभराने बसायलाही हरकत नाही.