रुग्णालयातील दैनंदिन रुग्णसेवा आणि तंत्रज्ञानाधारित नवउद्योग : एक विवेचन

प्रस्तावना :
रुग्णालय म्हटले की शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि महागडी यंत्रसामग्री डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांचा काळ सर्वसाधारण वॉर्डातील खाटेवर जातो. तेथील अडचणी साध्या आणि रोजच्या असतात. रात्रपाळीला परिचारिका एक आणि खाटा अनेक. कमी वजनाच्या अर्भकाला ऊब हवी आणि वीज गेलेली. बाह्यरुग्ण विभागातील गोंगाटात छातीचे ठोके नीट ऐकू येत नाहीत. अशा अडचणी अंगवळणी पडतात आणि अंगवळणी पडलेली अडचण समस्या म्हणून दिसेनाशी होते. तंत्रज्ञानाधारित नवउद्योग, म्हणजेच स्टार्टअप, येथे कोणते साहाय्य करू शकतात व ते केव्हा फलद्रूप होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. समस्येची नेमकी ओळख :
या संदर्भात ‘एम्ब्रेस’चे उदाहरण उद्बोधक आहे. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या गटाला नवजात अर्भकांसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करण्याचे काम देण्यात आले. गटातील एक विद्यार्थी नेपाळला गेला असता त्याला रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे पडलेले आढळले. यंत्रे होती, परंतु ज्यांना त्यांची गरज होती ती बाळे दूरच्या खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. प्रश्न केवळ काचेच्या पेटीच्या किमतीचा नव्हता, हे येथे स्पष्ट झाले.

त्यातून झोपण्याच्या पिशवीसारखे एक साधन आकारास आले. त्यात मेणासारख्या पदार्थाची थैली असते. ती अगोदर तापवून घेतली की पदार्थ वितळतो आणि पुन्हा घट्ट होताना सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाची ऊब काही तास देत राहतो. त्या काळात विजेची गरज भासत नाही. चाचणीच्या वेळी आणखी एक बाब उघड झाली. परदेशी औषध फार कडक असते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेच्या निम्मीच आपण बाळाला देतो, असे भारतातील एका मातेने सांगितले. तापमानाचे आकडे दिसले तर तेही कमी ठेवले जाईल, हे ओळखून आकड्यांऐवजी ‘ठीक’ वा ‘ठीक नाही’ एवढेच दर्शविणारी खूण ठेवण्यात आली. यंत्राची रचना वापरणाऱ्याच्या मनोधारणेवरही अवलंबून असते, हा यातील बोध होय.

२. उपलब्ध मनुष्यबळास साहाय्य :
सर्वसाधारण वॉर्डात नाडी व श्वसनाच्या नोंदी काही तासांच्या अंतराने घेतल्या जातात. दोन नोंदींच्या दरम्यान रुग्णाची प्रकृती ढासळल्यास ते उशिरा लक्षात येते. बेंगळुरू येथे २०१५ साली सुरू झालेल्या ‘डोझी’ या नवउद्योगाने गादीखाली ठेवण्याची संवेदकयुक्त पट्टी विकसित केली. हृदयाच्या ठोक्यांमुळे व श्वासोच्छ्वासामुळे शरीरात जी सूक्ष्म कंपने होतात, ती टिपून नाडी व श्वसनाची गती काढली जाते आणि त्यात बदल आढळल्यास परिचारिकांना सूचना मिळते. रुग्णाच्या अंगाला तारा जोडाव्या लागत नाहीत. येथे यंत्र परिचारिकेची जागा घेत नाही. कोणत्या खाटेकडे प्रथम जावे, एवढेच ते सुचविते.

मुंबईतील ‘आयू डिव्हाइसेस’ने याहून साधा मार्ग अवलंबिला. नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडता येणाऱ्या त्यांच्या उपकरणामुळे आवाज मोठा व स्पष्ट होतो. डॉक्टरांना नवे साधन शिकावे लागत नाही. २०२० च्या कोविडकाळात रुग्णापासून अंतर राखून छातीचे आवाज ऐकण्यासाठीही त्याचा उपयोग झाला.

३. मर्यादा व दक्षता :
प्रत्येक नवे उपकरण हितकारकच असते असे नाही. वारंवार खोट्या सूचना देणाऱ्या यंत्राकडे कर्मचारी दुर्लक्ष करू लागतात आणि मग खरी सूचनाही वाया जाते. नवउद्योग बंद पडल्यास दुरुस्ती व सुटे भाग कोठून मिळणार, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला पाहिजे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीनुसार उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग केलेले आहेत. त्यानुसार आवश्यक ती मान्यता तपासणे रुग्णालयाचे कर्तव्य ठरते. रुग्णाची माहिती कोणाकडे व किती काळ राहणार, हेही लेखी ठरलेले असावे.

४. महाविद्यालयांची भूमिका :
आयआयटी मुंबई येथे २०१४ साली राज्य शासनाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे केंद्र स्थापन झाले. पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थाही त्यास जोडल्या गेल्या. डॉक्टर, अभियंते व आरेखनकार यांनी एकत्र बसून उपकरण घडवावे, ही त्यामागील भूमिका आहे. वर उल्लेखिलेले स्टेथोस्कोपचे उपकरण याच परंपरेतील. लहान महाविद्यालयांनाही आरंभ करता येईल. विद्यार्थ्यांनी जवळच्या रुग्णालयात काही दिवस व काही रात्री केवळ निरीक्षण करावे, परिचारिका व नातेवाईक यांच्याकडून अडचणींची यादी करावी आणि उपायाचा विचार त्यानंतरच करावा. असे निरीक्षण नर्सिंग, समाजशास्त्र व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगे आहे.

समारोप :
सारांश, नवउद्योगांचे खरे योगदान यंत्रापेक्षा दृष्टीत आहे. अंगवळणी पडलेली अडचण ते नव्याने पाहू शकतात. मात्र त्यासाठी रुग्णालयाने आपले दार उघडे ठेवले पाहिजे आणि नवउद्योगानेही उपाय हाती घेऊन नव्हे, तर प्रश्न घेऊन आत यावयास हवे. अन्यथा नवे यंत्रही त्या रिकाम्या इन्क्युबेटरप्रमाणे कोपऱ्यात पडून राहील आणि गरजू रुग्ण त्यापासून दूरच राहील.