खाली दुकान, वर घर
पुण्याच्या भवानी पेठेत भुसार व गुळाचा बाजार होता, तेव्हा अनेक जैन व्यापाऱ्यांचे दुकान खाली आणि घर वर असे. सकाळी देवदर्शन करून शेठजी गादीवर बसत. हमाल पोती उतरवीत, मुनीमजी लाल वहीत जमा-नावे लिहीत. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ मण-शेर जाऊन किलो आले. हिशेब बदलले, दिनक्रम मात्र तोच राहिला. दिवस कलताच वरून हाक येई आणि सर्वांचा चौविहार एकाच पंगतीत साधे.

पुढे बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. गाळे प्रशस्त झाले, मालमोटारींची सोय झाली. पण दुकान व घर यांत अंतर पडले. व्रत पाळणाऱ्यांचा डबा आता सूर्यास्तापूर्वी गाळ्यावर पोहोचतो. नियम टिकला आहे. पंगत तेवढी सुट्टीच्या दिवसापुरती उरली आहे.