डेटा वेअरहाऊसमधील मितीय प्रारूप आणि बदलत्या मितींचा प्रश्न

महाविद्यालयाच्या प्रवेश, परीक्षा व शुल्क विभागांतील संगणकीकृत नोंदींची रचना दैनंदिन व्यवहार बिनचूक व्हावेत या हेतूने केलेली असते. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपाच्या आधारे या नोंदी अनेक लहान सारण्यांत विभागल्या जातात व एक माहिती शक्यतो एकाच ठिकाणी साठविली जाते. नोंद करण्यास ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु 'गेल्या दहा वर्षांत ग्रामीण भागातील विद्यार्थिनींचे विज्ञान शाखेतील प्रवेश कसे बदलले?' असा प्रश्न विचारताच दहा-बारा सारण्या जोडाव्या लागतात. अशा प्रश्नांसाठी डेटा वेअरहाऊस ही स्वतंत्र व्यवस्था पुढे आली.

राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट' या ग्रंथामुळे मितीय प्रारूप सर्वपरिचित झाले. यात मोजता येणारी मूल्ये मध्यवर्ती तथ्य-सारणीत ठेवतात. काळ, स्थळ, अभ्यासक्रम, विद्यार्थी यांची वर्णने तिच्याभोवतीच्या मिती-सारण्यांत असतात. आकृतीच्या या साधर्म्यामुळे त्यास तारा-रचना असे नाव मिळाले. मिती-सारणीत पुनरुक्ती होते. प्रश्न विचारणे सुलभ व्हावे म्हणून ती जाणीवपूर्वक पत्करलेली असते.

रचनेतील पहिला निर्णय तथ्य-सारणीतील एका ओळीचा अर्थ ठरविण्याचा असतो. 'एका विद्यार्थ्याचा एका सत्रातील एका अभ्यासक्रमाचा प्रवेश' असा अर्थ निश्चित केल्यास शुल्काची बेरीज कोणत्याही मितीवर करता येते. विद्यार्थिसंख्येचे मात्र तसे नाही. दोन्ही सत्रांच्या संख्या मिळवल्या तर तोच विद्यार्थी दोनदा मोजला जातो, आणि असे आकडे अहवालांत निमूटपणे वावरतात.

याहून कठीण प्रश्न मितीच बदलते तेव्हा उद्भवतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू येथील एखाद्या महाविद्यालयाची स्थळ-मितीतील नोंद आता कशी ठेवावी? 'ठाणे' पुसून 'पालघर' लिहिल्यास २०१२ चे प्रवेशही, त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्याच्या नावे दिसू लागतात. किंबॉल यांच्या वर्गीकरणातील ही पहिली पद्धत. दुसऱ्या पद्धतीत जुनी ओळ तशीच राखून तिच्या वैधतेची अंतिम तारीख नोंदवितात व नवी ओळ घालतात. महाविद्यालयाचा सांकेतांक दोन्ही ओळींत एकच असल्याने प्रत्येक ओळीस वेअरहाऊसची स्वतंत्र कृत्रिम किल्ली द्यावी लागते. जुने प्रवेश जुन्या किल्लीशी, नवे नव्या किल्लीशी जोडलेले राहतात. इतिहास यथातथ्य राहतो, पण ठाणे जिल्ह्याचे प्रवेश एकाएकी घटल्याचे दिसते. प्रत्यक्षात विद्यार्थी कोठेही गेलेले नसतात! तिसऱ्या पद्धतीत एकाच ओळीत 'पूर्वीचा जिल्हा' व 'सध्याचा जिल्हा' असे दोन स्तंभ ठेवतात. एकाच मोठ्या फेरबदलापुरती ती सोयीची आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, पद्धतीची निवड संगणक विभागावर वा सॉफ्टवेअर पुरवठादारावर सोपविणे इष्ट नव्हे. जुना अहवाल जसाच्या तसा पुन्हा मिळावयास हवा, की आजच्या सीमांनुसार दशकाची तुलना हवी, हे अहवाल वापरणाऱ्या अध्यापकांनीच सांगावयाचे असते. पहिल्या पद्धतीने पुसलेले मूल्य त्या सारणीतून परत मिळत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

या उदाहरणात एक सोय आहे. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. स्थळ-मितीत तालुक्याचा स्तंभ आरंभापासून असेल, तर जुन्या व नव्या अशा दोन्ही सीमांनुसार बेरीज करता येते. दर लाख लोकसंख्येमागील प्रवेश काढतानाही हाच स्तंभ उपयोगी पडतो. कारण २०११ च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याची १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या अविभाजित जिल्ह्याची असून, विभाजनोत्तर ठाण्याच्या प्रवेशांना तिने भागल्यास दर अकारण कमी येतो.